तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की थांबायचं

बाबा, तुमची नात गाड्यांच्या शर्यतीत उतरते. तिची रेसची गाडी आम्ही एका बंद डब्यात चढवली, तो डबा पिकअपच्या मागं जोडला, आणि मी नि ती अशा दोघीच जबलपूरहून निघून पार कोइंबतूरपर्यंत जाऊन आलो. हे वाचून तुम्ही चष्मा काढला असता, बनियनच्या टोकाला पुसला असता आणि म्हणाला असता, "चालती गाडी आहे ना? मग तिला दुसऱ्या गाडीत घालून काहून नेऊन राहिले?" आईनंही तेच विचारलं. आधी मीही विचारलं होतं. तर ही गाडी रस्त्यावर चालतच नाही. जमिनीपासून चार बोटं उंच, आत एकच माणूस, तोही जवळजवळ आडवा पडून बसतो. दिवे नाहीत, नंबरप्लेट नाही, आणि आपल्या कांचघर वस्तीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट फाटेल. वाऱ्यासारखी पळणारी चीज, पण घरून मैदानापर्यंत तिला बाळंतिणीसारखं झाकूनझुकून न्यावं लागतं. मला याचं इतकं नवल वाटलं की ते आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, आणि मग आठवलं की तुम्ही नाही.

पण मला तुम्हाला विचारायचं आहे ते जुनं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हाला अँब्युलन्सनं नागपूरला नेत होतो. मी तुमच्या पायाशी बाकावर, पुढं ड्रायव्हर, बस. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला, नर्मदा मागं पडली, आणि तुम्ही डोळे उघडून स्पष्ट म्हणालात, "थांबव. एकदा पाहून घे." मी म्हटलं, "बाबा, आज टपावर सामान नाही." तुम्ही पुन्हा म्हणालात, "पाहून घे ना." मी ड्रायव्हरला सांगितलं, "चलो भैया, रुको मत." चौथ्या दिवशी नागपूरच्या हॉस्पिटलातच तुम्ही आम्हाला सोडून गेलात. घरी आल्यावर आईनं विचारलं, रस्त्यात काही बोलले का? मी सांगितलं, भानावर नव्हते गं, त्यांना वाटलं आपण जीपनं लग्नाला चाललो. हेच मी मामाला सांगितलं, फॅक्टरीतल्या तुमच्या लोकांना सांगितलं, तेराव्याला जो आला त्याला सांगितलं. लोक रडता रडता हसायचे. "शेवटपर्यंत ड्यूटीवरच होते बिचारे."

आणि त्यातच तुम्ही आईला बोललेलं एक वाक्यही गेलं. त्याच सकाळी, तुम्हाला उचलायच्या आधी, तुम्ही आईचं मनगट धरून म्हणाला होता, "तू होती म्हून निभलं." तुम्ही आईला कधी शाबासकी दिल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही. भाजी चांगली झाली तर तुम्ही दुसऱ्यांदा घ्यायचे, एवढंच. मी ती अँब्युलन्सची गोष्ट सांगितल्यावर आईनं हे वाक्यही त्याच गाठोड्यात बांधून टाकलं. दर पितृपक्षात तुमचं पान वाढताना ती बायांना सांगते, "भानावर असते तर असं बोलले असते का?" आणि तोंडाला पदर लावून हसते. मी पण हसायची. म्हणून मला कळून घ्यायचं होतं बाबा, त्या दिवशी तुम्ही भानावर होता की नव्हता. मेलेल्या माणसाला हे विचारून काय उपयोग, पण मी चौतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं आहे. प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माझा जीव त्याच्यावरच अडकून पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची ती थांबायची सवय! लहानपणी मला तिची किती लाज वाटायची. नागपूरला कोणाचं लग्न असलं की भाड्याची जीप, टपावर वळकट्या, ट्रंक, आईचा लोणच्याचा बरणीवाला खोका, आणि सगळं तुम्ही स्वतः बांधलेलं. तासभर बांधायचे. मग जीप निघायची, तिलवाऱ्याचा पूल ओलांडायची, सगळे खिडकीतून नर्मदेत नाणी टाकून हात जोडायचे, आणि पूल संपला रे संपला की तुम्ही म्हणायचे, "थांबव." ड्रायव्हर वैतागायचा. तुम्ही उतरून टपावर चढायचे आणि एकेक दोर बोटानं दाबून पाहायचे. एकदा मी, दहा-अकराची असेन, खालून ओरडले, "काहून थांबता बाबा? तुम्हीच तर बांधलं! लोक हसून राहिले." तुम्ही खाली आलात, माझ्यासमोर उभे राहिलात आणि सगळ्या जीपसमोर मला सुनावलं. "बांधलं तेव्हा गाडी उभी होती. आता ती चालली आहे. उभ्या गाडीचं आणि चालत्या गाडीचं एक नसते. समजलं?" मला काही समजलं नव्हतं. मी धूमा गाव येईपर्यंत तोंड फुगवून बसले होते, आणि तिथं तुम्ही मला पेरू घेऊन दिला तोही खाल्ला नाही. नंतर भूक लागली तेव्हा आईनं तो खाऊन टाकला होता.

तुम्ही हे कुठून शिकला ते मला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी दिसलं. त्या एका दिवशी फॅक्टरीत घरच्यांना आत सोडायचे. तुमचं खातं म्हणजे तयार गाड्या मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवून बांधायचं. लष्कराच्या मोठाल्या हिरव्या गाड्या, एकामागं एक, चाकापुढं लाकडी ठोकळे, चाकांना साखळदंड. मला वाटलं होतं की गाडी बांधायची तर तिच्या अंगाला बांधतात. तुम्ही म्हणालात, "अंगाला बांधशील तर ती स्प्रिंगवर नाचते, आणि नाचता नाचता साखळी ढिली करते. चाक जमिनीवर असते. चाकाला धर." मग इंजिनानं पहिला धक्का दिला, सगळ्या वाघिणी एकामागून एक खणखणल्या आणि थोडं पुढं जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं. पण तुम्ही हातोडी घेऊन पहिल्या वाघिणीपासून पुन्हा चालायला लागला. मी तुमच्या मागं. एका साखळीवर तुम्ही माझं बोट ठेवलं. "दाबून पाह्य." ती दबली. धक्क्याच्या आधी ती सळईसारखी ताठ होती, मी स्वतः पाहिली होती! माझ्या बोटाला ते आजही आठवतं.

आणि तुमचं ते बक्षीस. मला नोकरी लागली, मी पहिली मोपेड घेतली, तेव्हा मैत्रिणींच्या बापांनी त्यांना घड्याळं दिली होती. तुम्ही मला दिले सागवानाचे दोन ठोकळे, घासून गुळगुळीत केलेले, सुतळीनं एकमेकांना बांधलेले. उतारावर उभी केली की चाकाला लावायचे. कपाळ माझं! मी शाळेत ते कोणाला दाखवलेही नाहीत. वीस वर्षं त्यांनी आपल्या मागच्या दाराला टेकण म्हणून नोकरी केली. आता ते ट्रेलरच्या चाकाखाली असतात. सुतळी मात्र मी नवी बांधली.

ट्रेलर रिछाईच्या कारखान्यांच्या भागात ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका मिस्त्रीकडून करून घेतला. पोरगी त्याला ट्रेलर म्हणते, आपली गल्ली डब्बा म्हणते. चार चाकं, वरून पत्रा, आतून प्लायवूड, मागचं दार खाली पडलं की त्याचाच उतार होतो आणि गाडी त्यावरून आत ढकलायची. मिस्त्रीनं आयुष्यभर ट्रकच बांधलेले, तो विचारायचा, "मैडम, इसमें जाएगा क्या?" जावई तुमचे म्हणाले, तुम्ही मायलेकी जाणे आणि तुमचा डब्बा जाणे, मी आपला मॅच पाहतो. ठेवायला जागा म्हणाल तर आपल्या कांचघरच्या घराचं अंगणच, कारण आई एकटीच असते तिथं आणि फाटक मोठं आहे. पहिल्या दिवशी तो डबा मागं मागं घेत गल्लीत शिरवताना माझ्या नाकी नऊ आले. अर्धी कॉलनी सूचना द्यायला जमली. एक म्हणे आइसक्रीमचं दुकान आहे, एक म्हणे घोडा आणला. समोरच्या आजीनं तर आईला हळूच विचारलं, "भाभी जी, घर में सब ठीक तो है ना?" तिला ते शववाहन वाटलं होतं. आई तीन दिवस हसत होती.

पावसाळ्यात शर्यती नसतात, त्यामुळं गाडी दोन-अडीच महिने डब्यात बंद. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, श्रावणात चपलांनाही बुरशी येते. पोरीनं गाडी स्टँडवर उचलून ठेवली, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत. पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, धुराच्या नळीत कापडाचा बोळा घातला. मग ती मोबाइलवर वाचत होती की बंद जागेतला ओलावा ओढून घ्यायला काय ठेवावं, तर आई आतून म्हणाली, "चुना ठेव. आजोबा ठेवायचे." आणि मला एकदम तुमची ती लोखंडी ट्रंक आठवली, तिच्या कोपऱ्यात मातीच्या वाडग्यात कळीचा चुना. लोक म्हणतात ओल बाहेरून येते. तुम्ही म्हणायचे की पेटी बंद करताना आपण हवा कोंडतो, तिच्यातच असते ती. चार वाडगे ठेवले चार कोपऱ्यांना. मला वाटलं, बाबा असते तर आज त्यांना बोट ठेवायला जागा नसती.

पण जागा होती. दार बंद करायच्या आधी आई आली, हातात ताट. तिनं गाडीची ओटी भरली बाबा! खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू, सुपारी, सगळं त्या एकुलत्या सीटमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "घरची लेक आहे, रिकाम्या ओटीनं कशी बंद करू?" पोरगी लाजली, हसली, पाया पडली. मी विज्ञानाची मास्तरीण, मला तांदूळ दिसले आणि उंदीर दिसला नाही. आपल्या घरच्या रीतीत काही वावगं असतं हे आपल्याला कधी सुचतच नाही. भरल्या ओटीतले तांदूळ काढून घ्या असं म्हणणार कोण? दारं बंद झाली. पावसाळा सरल्यावर उघडली तर वासानंच कळलं. नारळ सडलेला, खणाचं घरटं, आणि तांदूळ संपल्यावर मंडळींनी गाडीच्या वायरी खाल्ल्या होत्या. एकूण एक वायर. आई दारात उभी राहून म्हणाली, "माझ्यानं झालं." पोरगी तिथंच खाली बसली. शर्यत नऊ दिवसांवर होती. वर्षातली शेवटची, आणि ती पाहायला एका मोठ्या टीमचे लोक येणार होते. तिनं सात दिवस अंगणात बसून हातानं सगळ्या वायरी नव्यानं ओढल्या, आणि आई शेजारी बसून तिला भाकरीचा तुकडा भरवत राहिली, कारण हात ग्रीसचे.

म्हणून आम्हाला निघायलाच उशीर झाला. मध्ये एक अजून गंमत झाली ती सांगते. आधी एकदा आम्ही गाडी तोंड पुढं करून चढवली होती, जशी कोणीही चढवेल. बायपासवर जरा वेग आला की डब्याचा मागचा भाग डावीउजवीकडे हलायला लागला, कुत्रा शेपूट हलवतो तसा, आणि मी वेग कमी करत पिकअप कडेला घेतली. या गाडीचं इंजिन पाठीमागं असतं. म्हणजे सगळं वजन डब्याच्या शेपटीत. गुरुत्वमध्य मी किती वर्षं शिकवला, आकृती काढून! तो पहिल्यांदा मला भेटला बायपासवर. मग आम्ही गाडी उलटी चढवायला लागलो, पाठ पुढं, तोंड दाराकडे, आणि डबा शहाण्यासारखा मागं यायला लागला. तुम्ही वाघिणीच्या फरशीवर खडूनं एक रेघ मारायचे ना, तिच्या पुढं इतकं, मागं इतकं? मी विचारलं होतं ही रेघ कशाची, आणि तुम्ही म्हणाला होता, "मोठी झाली की सांगीन." राहिलंच ते.

निघालो सकाळी सात वाजता. चारी चाकांना चार पट्टे, प्रत्येकाला एक खटका, त्याचा दांडा वरखाली केला की पट्टा आवळत जातो. पोरीनं आवळले, मी बोटानं दाबून पाहिले, सळईसारखे. आईनं या वेळी नुसतं कुंकू लावलं, लांबूनच. तिलवाऱ्याचा पूल आला, पोरीनं नाणं टाकलं, पूल संपला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "आई, अभी नहीं," ती म्हणाली. "आपण आधीच लेट होऊन राहिलो. मी तीनदा चेक केलं आहे. चल ना." आणि मी गाडी पुढं घेतली. मला तुमची आठवण आली होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्या डोळ्यांखाली सात दिवसांचं जागरण होतं, आणि मला वाटलं पुढं चहाला थांबू तेव्हा पाहू. पूल ओलांडल्यावर न थांबण्याची माझी ही दुसरी खेप.

बरगीच्या पुढं आवाज सुरू झाला. टक्. मग काहीच नाही. मग वळण आलं की पुन्हा टक्. थांबलो, दार उघडलं, पाहिलं, सगळं जागच्या जागी. पट्टे ताणलेले, गाडीच्या चाकांपुढचे ठोकळे घट्ट. निघालो, वळण आलं, टक्. तीनदा हेच. उभी असली की सोज्वळ, चालली की टक्. पोरगी रडकुंडीला आली. आत काही ढिलं असेल आणि गाडी घासत जात असेल तर कोइंबतूरला पोहोचून काय उपयोग? धूम्याच्या पुढं एका ढाब्यामागं मोठं मोकळं मैदान होतं, ट्रक उभे राहतात तसलं, सकाळचं रिकामं. मी म्हटलं, "मी आत बसते. तू पायी चालायच्या वेगानं मैदानात फेऱ्या मार." ती म्हणाली वेडी झाली का. असं करू नये, ते मलाही कळतं, तुम्ही असता तर आम्हा दोघींशी आठ दिवस बोलला नसता. पण चालत्या डब्यात काय होतं ते चालत्या डब्यातच कळणार होतं. उभं राहायला आत जागा नाही, म्हणून मी त्या गाडीच्या सीटमध्ये शिरले. शिरले म्हणजे काय, दोनदा श्वास सोडून, कंबर तिरकी करून, बरणीत लोणचं दाबतात तशी बसले. फोन चालू ठेवला. पोरीनं दार लावलं.

त्या सीटमध्ये बसताच येत नाही बाबा, पडावंच लागतं. पाठ टेकलेली, पाय पुढं, डोळ्यांसमोर वर पत्रा आणि पायांच्या पलीकडे बंद दार. आणि गाडी उलटी चढवलेली, म्हणजे मी मागं तोंड करून पुढं चाललेली. काही दिसत नाही. कुठं वळणार, कधी थांबणार, काही कळत नाही. पहिलं वळण आलं आणि सगळी गाडी, माझ्यासकट, दोन बोटं सरकली. टक्. दोन्ही हातांनी मी बाजूची कड धरली. दुसरं वळण, पुन्हा दोन बोटं, पुन्हा टक्. डाव्या अंगाला, मागच्या चाकाशी, अगदी स्पष्ट कळलं मला. बाहेरून तीनदा पाहून जे दिसलं नव्हतं ते आत पडल्या पडल्या पाठीला कळलं. मी फोनवर ओरडले, "थांबव! एकदा पाहून घे!"

पोरगी म्हणाली, "क्या हुआ आई? भीती वाटली का?"

मी म्हटलं, "भीती नाही. डाव्या बाजूचा मागचा पट्टा पाह्य." आणि मग मी त्या सीटमध्येच पडून राहिले. तिनं दार उघडलं, पट्टा पाहिला. वळणावर टायर दबला की तो ढिला पडत होता आणि त्याचा आकडा खालच्या कडीवर आपटत होता, उभी राहिली की पुन्हा ताणल्यासारखा दिसायचा. तिनं खटका तीन घरं आवळला. "आई, मिल गया! बाहेर ये." मला बाहेर येता येईना. तिला वाटलं अडकले. मी रडत होते.

तुमचं डोकं ड्रायव्हरकडे होतं आणि पाय दाराकडे. तुम्हीही मागं तोंड करून पुढं चालला होता. वर पत्रा, समोर बंद दार. स्ट्रेचरची चाकं खाली खाचेत अडकवायची असतात, ते मला नंतर सासूबाईंना नेताना कळलं. ड्रायव्हर वाकून पायाशी एक दांडा उचलतो तेव्हा कुठं स्ट्रेचर सुटतं. नागपूरला तुम्हाला उतरवताना कोणी वाकलं नव्हतं. वॉर्डबॉयनं नुसतं ओढलं आणि तुम्ही सरळ घरंगळत बाहेर आलात. आणि तिथल्या नर्सनं तुमचे तळवे उलटे करून मला विचारलं होतं, "यांनी काय धरलं होतं इतकं?" दोन्ही तळव्यांवर आडवी लाल वळं. मी तिला म्हटलं, "फॅक्टरीत होते, धरायची सवय आहे त्यांना." बाबा, त्या काळच्या त्या रस्त्यानं सात तास लागले होते. सात तास तुम्ही स्वतःला स्वतःच्या हातांनी धरून नेलं, आणि मी तुमच्या पायाशी बसून होते. टपावर सामान नाही म्हणाले मी. सामान तुम्ही होता.

पोरगी सातवी आली. त्या टीमच्या लोकांनी तिचा नंबर लिहून घेतला, अजून फोन नाही. आम्ही परत आलो, डबा अंगणात लावला, ठोकळे लावले, आणि मी हातपाय न धुताच स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, "आई, बाबा त्या दिवशी भानावर होते. स्ट्रेचर सरकत होतं, ते मला पाहायला सांगत होते. मी चूक सांगितलं तुला." ती निवडत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तिची बोटं थांबली. "म्हणजे घरून निघतानी बी भानावर होते?" मी म्हटलं, "हो." ती ताटाकडेच पाहत होती. "अन् मी इतकी वर्षं लोकायला हसून सांगून राहिली," ती म्हणाली. मग तिनं आपलं डावं मनगट उजव्या हातात धरलं. त्या दिवशी भात तिनंच केला, आणि तुम्ही घ्यायचे तसा दुसऱ्यांदा घेतला.

हे मी डब्याच्या उतारावर बसून लिहिते आहे, दुपारची, आई आत झोपली आहे. कागद घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवीन, पट्ट्यांच्या खाली, पोरगी तिथं कधी पाहत नाही. आता तिलवाऱ्याचा पूल संपला की तीच थांबते, मला म्हणावं लागत नाही, आणि का ते तिनं मला विचारलेलं नाही. एक गोष्ट मात्र मी आईला सांगितली नाही. ती टक् मी त्या दिवशीही ऐकली होती. पुलाच्या आधीच, ग्वारीघाटच्या रस्त्याचं वळण गेलं तेव्हा, आणि नंतरही प्रत्येक वळणाला. उठून पाहिलं असतं तर तुमच्या चेहऱ्याकडे पाहावं लागलं असतं, आणि मला ते होत नव्हतं, म्हणून मी नागपूरपर्यंत दाराकडे पाहत बसले.